खाली कोण?

झाकण पडलं ते काही साधंसुधं नव्हतं. मोठ्या पातेल्यावरचं, पितळी, जाड कडेचं, दोन हातांनी उचलावं लागणारं. सुनेच्या हातून वरच्या फळीवरून ते निसटलं, मधल्या फळीवर आपटलं, तिथून फरशीवर पडलं आणि स्वतःभोवती गरगर फिरत, किंचाळत, शेवटी थरथरत एकदाचं गप्प झालं. खिडकीतलं मांजर शेपूट फुगवून पसार झालं. सून कानांवर हात ठेवून, डोळे मिटून उभी. म्हातारीच्या हातातला चहा हिंदकळून मांडीवर सांडला, चटका बसला, तोंडातून शिवी निघाली. आणि झाकणाकडे पाठ करून टेबलाशी बसलेला तिचा मुलगा, चाळिशी उलटलेला, खालच्या आवारात ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात तो, बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला. मान वळली नाही. खांदा उडाला नाही. दोरा तुटला तेव्हा त्याने तो निरखून पाहिला आणि खिशात टाकला.

रुसलाय, असं तिला आधी वाटलं. काल संध्याकाळी तिने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. कशावरून ते आता आठवत नव्हतं, पण फैलावर घ्यायला तिला कारण लागायचं असंही नव्हतं. बापाचंच वळण, राग गिळून दगड होऊन बसायचं. "कानात बोळे घातलेत का रे?" ती त्याच्या पाठीला म्हणाली. पाठ तशीच. मग सून टेबलाला वळसा घालून त्याच्या पुढ्यात गेली, वाकली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "आणखी चहा देऊ?" तो तिच्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. "नको," तो म्हणाला, "काका खाली वाट बघत असेल." आणि त्याच्या डोक्यावरून सुनेने सासूकडे पाहिलं. त्या बघण्यात नवल नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसं बघतं तसं ते बघणं होतं.

तो जिना उतरून गेल्यावर ती म्हणाली, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्यापुढे सोंग नको. सोंगं आणण्यातच केस पांढरे झाले माझे."

सून झाकण पुसत बसली. स्वच्छच होतं ते. "आधी फोनवर ऐकू येईना झालं. मग मागून हाक मारली तर ओ देईनात. आता समोर उभं राहिल्याशिवाय काही खरं नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, आईला कळलं तर?"

"आईला कळलं तर काय? आई खाते का?"

सुनेने खाली बघूनच उत्तर दिलं. "खाता तुम्ही, आई."

एरवी एवढ्या बोलण्यावर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती उठली, गुडघ्यांना धरून दोन पावलं चालली आणि गॅलरीत जाऊन लोखंडी कठड्याला टेकून उभी राहिली. ही गॅलरी तिचं सिंहासन. खाली सगळं आवार पसरलेलं: उघडी पडलेली इंजिनं, टायरच्या चळती, डिझेल आणि ग्रीस पिऊन काळीभोर झालेली जमीन, मधोमध मागचा, माल भरायचा हौदा वर करून उभा राहिलेला एक डंपर. नवरा गेल्यापासून ती इथूनच आवार चालवत आली होती. कोण बिडी ओढायला मागे गेला, कुणी चाकाला ठोकळा न लावता जॅक चढवला, कुणी नट हाताने आवळून तसाच सोडला, तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि नजरेतून सुटलं तरी जिभेतून सुटत नसे. माणसं पाठीमागे तिला हॉर्न म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तिच्या धाकट्या दिराने, सळईने, एकदा तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलंही होतं, "आपल्याकडचा हॉर्न वरच्या मजल्यावर बसवलाय. बॅटरी लागत नाही, बंदही पडत नाही." सळई म्हणजे सळईच. उभा राहिला तर सावली पडेल की नाही अशी शंका यावी इतका वाळका. गाडीखालच्या, हौद्याखालच्या, जिथे दुसऱ्याचा हात जात नाही अशा फटीत तो सगळाच्या सगळा जायचा. थोरल्या भावाच्या वेळेपासून तो खालचा माणूस आणि केबिनमधल्या, हौदा वर-खाली करायच्या दांड्याशी मिस्त्री. आधी भाऊ, आता पुतण्या.

ती बघत राहिली आणि तिला वाटलं, मी इतकी वर्षं बघत्येय ते काय बघत्येय? मुलगा खाली फिरत होता, माणसं त्याच्याशी बोलत होती, तो मान हलवत होता. रोजचंच. पण आज तिला दिसलं की जो तो त्याच्याशी बोलायला आधी वळसा घालून पुढे येतो. पाठीमागून कुणीच बोलत नाही. एक जण हाक मारायची म्हणून त्याच्या पायाजवळ मुद्दाम पाना सरकवतो. दुसरा खांद्याला हात लावतो. सगळं इतकं सराईत, इतकं नरम, की जणू जन्मापासून या आवारात माणसं अशीच वागत आली असावीत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. वर एक आंधळी बसलीय आणि खाली सगळ्यांना ठाऊक आहे. रागाने तिचे कान तापले, आणि कान तापले म्हणून तिला तिचे कान जाणवले, आणि मग तिने एक वेड्यासारखी गोष्ट केली. दोन्ही हातांची बोटं कानांत खुपसून ती उभी राहिली.

आवार गेलं. म्हणजे होतं तिथेच होतं, पण त्यातला जीव गेला. ग्राइंडरमधून ठिणग्या उडत होत्या, मुक्या. हातोडा कापसावर पडल्यासारखा पडत होता. माणसं तोंडं उघडत होती, मिटत होती, पाण्यातल्या माशांसारखी. गॅस कापणाऱ्याच्या निळ्या ज्योतीला आवाज नसला की ती किती गरीब दिसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाठ. आपल्याला पाठ आहे हे तिला आजवर माहीतच नव्हतं. आता तिच्या मागे स्वयंपाकघर होतं की दरी होती, सून उभी होती की कुणी दुसरंच, काही कळायला मार्ग नव्हता. पाठीवर सरसरून काटा आला आणि तिने झटकन वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. असा जगतोय माझा पोर, तिला वाटलं, रोज, पाठीवर काटा घेऊन, आणि वर माझ्या शिव्या.

कान ही त्यांच्या घराण्याची दौलत होती. तिचा नवरा इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा की कुठलं बेअरिंग चाललंय आणि किती दिवस चालेल. लांबलांबचे ट्रकवाले गाडी आणायचे आणि आधी बॉनेट उघडायचेच नाहीत, म्हणायचे, मिस्त्री, नुसतं ऐका. तो एक लांब सळी इंजिनाला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. पुढेपुढे तो ते टोक दातांत धरायला लागला. काय दिसायचं ते! भलंमोठं इंजिन धडधडतंय आणि हा माणूस लोखंड चावून उभा, चेहरा असा की देऊळ नाही, देव नाही, पण कुणीतरी आतून काहीतरी सांगतंय. ती आल्यागेल्याला मिरवून सांगायची, कानाने ऐकायला काय, कुणीही ऐकतं. माझा नवरा दातांनी ऐकतो.

आता, कठड्याला टेकून, कानांतून काढलेली बोटं अजून तशीच हवेत धरून, तिला ती सळी दिसली. दातांत धरलेली. माणूस कानाने ऐकत असेल तर लोखंड दातांत कशाला धरेल? हा प्रश्न तिला तेव्हा पडला नव्हता. तेव्हा तिला नवऱ्याचा अभिमान होता आणि अभिमानात प्रश्न बसत नाहीत, जागाच नसते. कान गेले म्हणून दात. कवटीतून, हाडातून, जेवढं येईल तेवढं. त्याचेही कान गेले होते. आणि एकदा ही गाठ सुटली तशी पुढची सगळी शिवण सुटतच गेली. शेवटची कितीतरी वर्षं तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा आणि ती त्याच्या पाठीशी बोलायची. दिवसभराचं, पोराचं, दुखण्याखुपण्याचं, एकदा तर फार नाजूक गोष्ट, जी बाई जन्मात एकदाच नवऱ्याला विचारते. पाठ हलली नव्हती. गर्वाने फुगलाय, तिने मनाशी म्हटलं होतं, मिस्त्री झालाय ना, बायकोला उत्तर द्यायला कमीपणा वाटतो. मग तीही ताठ झाली. मग तिने विचारणंच सोडलं, आणि मग बोलणं, आणि मग दोघं एका छपराखाली अशी राहिली जशा एकाच आवारात उभ्या केलेल्या दोन बंद गाड्या. तो मोठ्याने ओरडायचा, ती म्हणायची तापट आहे. तो हसायच्या वेळी हसायचा नाही, ती म्हणायची तुसडा आहे. त्याला ऐकूच गेलं नव्हतं. ती नाजूक गोष्ट त्याने ऐकलीच नव्हती, आणि ती त्याला उत्तर न दिल्याबद्दल माफ न करताच सती-सावित्रीच्या तोऱ्यात त्याच्यामागे इतकी वर्षं जगली होती. आता हे घेऊन कुठे जायचं? कुणाशी भांडायचं?

"खाली कोण?"

मुलाचा आवाज आवारात घुमला आणि ती त्या जुन्या अंथरुणातून धाडकन वर्तमानात येऊन पडली. ही त्या घरची हाळी. तिच्या नवऱ्याने घालून दिलेली. दुसऱ्या कुठल्याशा गॅरेजात वर केलेला हौदा अचानक खाली बसला आणि एक माणूस मधल्यामध्ये राहिला, ते बघून तो घरी आला तेव्हा त्याने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून त्याने सांगितलं: लोखंडी टेकू लावल्याशिवाय हौद्याखाली कुणी शिरायचं नाही. चाकांना ठोकळे. आणि टेकू काढला की हौदा उतरवण्याआधी दांड्याशी बसलेल्याने हाळी द्यायची, खाली कोण? जो खाली असेल त्याने चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, पान्याने ठोका मारायचा. ठोका आला की हात दांड्यावरून काढायचा. ठोका आला नाही तर खाली कुणी नाही, उतरवा. तेव्हापासून या आवारात कुणाच्या नखाला धक्का लागला नव्हता, आणि हे ती पाहुण्यांना दातांच्या गोष्टीनंतर लगेच सांगायची.

ठोका आला नाही तर खाली कुणी नाही. हे वाक्य तिच्या डोक्यात आता पहिल्यांदाच उलटं होऊन पडलं. आवाज आला तर थांब, शांतता असली तर ओढ. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी खाली कधीच कुणी नसतं. त्याच्यासाठी सगळं जग केव्हाच हौद्याखालून निघून गेलंय.

टण्ण. खालून ठोका आला, स्पष्ट, वर गॅलरीपर्यंत. सळई अजून आतच होता, ग्रीसचा हात शेवटचा फिरवत. तिची बोटं कठड्यावर आवळली. मुलगा केबिनमध्ये बसला होता, दार उघडं, एक हात दांड्यावर, नजर समोर. समोर वेल्डर उभा होता, काळा चष्मा कपाळावर चढवलेला, त्यामुळे ज्याला सगळे गॉगल म्हणतात तो. त्याला तिथे काही काम नव्हतं. ठोका आला आणि गॉगलने डोकं खाजवलं. मुलाचा हात दांड्यावरून बाजूला झाला. थोड्या वेळाने सळई कपडे झटकत बाहेर आला. पुन्हा हाळी, या वेळी शांतता, गॉगलचा हात खाली, आणि हौदा सुस्कारा टाकत सावकाश खाली बसला.

असं आहे तर. एका माणसाच्या डोक्याच्या खाजेवर दुसऱ्या माणसाचा जीव टांगलाय. आणि किती प्रेमाने! कुणी कुणाला दुखवलं नाही, कुणी चारचौघांत शब्द काढला नाही, मिस्त्रीचा मान राहिला, घराण्याचा कान राहिला. तिला त्या सगळ्यांना एकेक करून थोबडवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी जवळ घ्यावंसंही. आता काय करायचं? खाली जायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, याचा कान गेलाय, याला उठवा? मग उद्या कोण गाडी आणेल? बहिऱ्या मिस्त्रीला कोण म्हणेल, नुसतं ऐका? आणि तो? बापासारखा भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि त्याची बायको त्याच्या पाठीशी बोलत बसेल. नाही. चारचौघांत नाही. संध्याकाळी आवार रिकामं झालं की त्याला वर बोलवायचं, दार लावायचं, समोर बसवायचं. संध्याकाळपर्यंत काय होतंय? एवढे दिवस गेले तिथे एक दिवस. आधी नक्की काय ते गॉगलला विचारून घ्यावं. ती कठड्यावरून वाकली. "ए गॉगल! वर ये जरा!"

गॉगल आला तो दारातच उभा राहिला. "बस," ती म्हणाली.

"कपडे तेलकट आहेत, बाई."

"बस म्हटलं ना. खुर्ची धुता येते." तो टेकला न टेकला तोच तिने सुरू केलं, "हे डोकं खाजवायचं औषध कुणी दिलं तुला?"

"कसलं, बाई?"

"हाळी झाली, ठोका आला, की खाजवतोस. तुझ्या उवा ठोक्याची वाट बघत असतात का?"

गॉगलने चष्मा कपाळावरून काढला आणि काच अंगठ्याने पुसायला लागला. सून दारामागे येऊन उभी होती, तिची सावली फरशीवर दिसत होती. "सळईकाकांनीच सांगितलं," तो शेवटी म्हणाला. "खाजवलं की आत माणूस आहे. नाही खाजवलं की नाही. मिस्त्रींना कुणी काही बोललेलं नाही. ते आपोआपच बघायला लागले."

"आपोआप! आणि काकाला मरायची एवढी हौस?"

"काका म्हणतात, पोराचा हात दांड्यावरून काढला तर पोर मरेल. म्हणतात, मी असाही अर्धा वाळलेलाच आहे."

तिला या विनोदावर हसू यायला हवं होतं, सळईचे विनोद तिलाच सगळ्यात आधी कळायचे. "आणि तू नसलास म्हणजे?"

"मी असतोच, बाई. काम टाकून उभा राहतो."

"आता कुठायस?" ती म्हणाली.

टोमणा म्हणूनच म्हणाली. जिभेला सवयच तशी. पण शब्द तोंडातून बाहेर पडले आणि दोघांनाही ते एकदमच ऐकू आले. गॉगलच्या अंगठ्याखाली काच थांबली. आणि खालून, दोन भिंतींमधून, नेहमीच्या खणखणीत आवाजात, "खाली कोण?"

हौदा उचलणाऱ्या जॅकचं सील नवीन टाकलं होतं, हौदा दोन-तीनदा वर-खाली करून बघायचा होता, हे तिला आत्ता, नको त्या वेळी, अगदी स्वच्छ आठवलं. टण्ण, ठोका आला. गॉगल उठला तो खुर्ची पाडतच. जिन्यावर त्याचे बूट धडधडले. ती गॅलरीकडे धावली. कित्येक वर्षांत ती धावली नव्हती, गुडघ्यांनी काय सांगितलं ते तिने ऐकलं नाही. खाली मुलगा केबिनमध्ये बसून समोर बघत होता. समोर कुणी नव्हतं. डोकंच नव्हतं, तर खाजवणार कोण? रिकामी काळी जमीन, त्यावर ऊन. हौदा पुन्हा वर, टेकू बाजूला आडवा पडलेला. हौद्याखालून सळईचे दोन पाय दिसत होते, कसलंसं फडकं राहिलं असावं, ते घ्यायला तो शिरला होता. टण्ण, टण्ण. दोनदा ठोकायचा नियम नव्हता. टण्ण टण्ण टण्ण. तिने हाक मारली. मुलाचं नाव घेतलं, नुसती किंचाळली, रस्त्यावरचे ट्रक थांबावेत अशी किंचाळली. आवारातली सगळी माणसं वर बघायला लागली, एक सोडून. त्याने रिकाम्या जमिनीकडे आणखी क्षणभर पाहिलं, शहाण्या माणसासारखी, खात्री करून घेतल्यासारखी मान हलवली आणि दांडा ओढला.

हौदा धाडकन पडत नाही. पडला असता तर तिला डोळे मिटता आले असते. तो सावकाश बसतो, म्हाताऱ्या माणसासारखा, टेकत टेकत. फट कमी होत गेली. पाय आत ओढले गेले, मग दिसेनासे झाले, मग पलीकडच्या बाजूने, जिथून मांजर निघालं तरी लोकांनी बघत राहावं, एक हात आला, डोकं आलं, खांदा अडला, आणि कुणीतरी धावत जाऊन तो हात धरून ओढला. कापड टर्रकन फाटलं. मग हौदा चासीवर बसला, एक जाड, भरल्यापोटीचा आवाज करून.

मुलगा केबिनमधून उतरला. वाकून त्याने जॅकच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट उन्हात धरून पाहिलं. चेहऱ्यावर समाधान. "एक थेंब नाही गळत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "काका, बघा."

सळई पलीकडून वळसा घालून आला. चेहरा राखेसारखा. सदऱ्याची मागची बाजू नव्हतीच, तिचा एक तुकडा हौद्याच्या कडेतून जिभेसारखा बाहेर लोंबत होता, आणि पाठीवरून रक्ताचा बारीक ओघळ उतरत होता. तो पुतण्यासमोर पाठ न दाखवता उभा राहिला. "झकास बसलाय," तो म्हणाला. आवाज थरथरत होता, पण थरथरणारा आवाज कुणाला दिसतो थोडाच? ओठ हसत होते. मग कुणीतरी घसा खाकरला, कुणी पाना उचलला, जिन्याच्या तळाशी पोचलेला गॉगल धापा टाकत आपल्या जागेवर, केबिनसमोर, जाऊन उभा राहिला. आवार पुन्हा आवार व्हायला लागलं. सळईने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं आणि वहिनीला अगदी हळूच नकाराची मान हलवली. नको. आत्ता नको. वाचलो ना मी?

ती जिना उतरायला लागली. सून मागून म्हणाली, "आई, संध्याकाळी बोलू." हाच तर तिचाही बेत होता. एकेका पायरीवर तो बेत तिच्या पायाखाली येत होता. संध्याकाळी. दार लावून. तोपर्यंत गॉगल खाजवत राहील, गॉगल आजारी पडला तर दुसरा कुणी डोकं देईल, आणि सळई हसत हसत फटीतून निघत राहील, जोपर्यंत निघतोय तोपर्यंत. सगळे किती सांभाळून घेतात. सांभाळून घेता घेताच मरेल कुणीतरी, आणि मग तो मेलेला माणूस तिच्या मुलाला जन्मभर, बहिऱ्या कानांत, ठोके मारत बसेल. तिला वाटलं, मी त्याच्या बापाच्या पाठीशी बोलत राहिले. एकदा, एकदाच उठून पलंगाला वळसा घातला असता तर.

माणसं बाजूला झाली. ती मुलाला वळसा घालून त्याच्या पुढ्यात गेली. तो अजून बोटाकडे बघत होता. तिने त्याची हनुवटी धरली, तो लहान असताना धरायची तशी, आणि तोंड आपल्याकडे, उजेडाकडे वळवलं. त्याच्या डोळ्यांत आधी हसू होतं. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. बोलायचं होतं ते तिच्या ओठांवर आलं, पण घशाने साथ दिली नाही. वरून किंचाळताना आवाज संपला होता, की लाज होती, की जन्मभराचा तोरा अडकला होता मध्ये, कोण जाणे. ओठ तेवढे हलले. तुला ऐकू येत नाही. काका खाली होता. तू आता दांड्याला हात लावायचा नाहीस. एक अक्षरही बाहेर फुटलं नाही, साधी फुंकरही नाही.

"येतं मला ऐकू!" तो ओरडला. "कोण म्हणतं येत नाही? काका कशाला खाली असेल, मी हाळी दिली होती!" आणि मग तो इकडेतिकडे बघत, चोरट्या, दबक्या आवाजात, जो आवारात शेवटच्या माणसापर्यंत पोचला, म्हणाला, "आणि ओरडू नकोस गं एवढी. सगळे ऐकतायत."

कुणी पाना खाली ठेवला. कुणी टोपी काढली, पुन्हा घातली. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळी तोंडं मिटलेली होती. त्याला वाचायला कुठेच काही नव्हतं. मग त्याने आईच्या गळ्याकडे पाहिलं, तिथल्या शिरा ओरडणाऱ्याच्या फुगतात तशा फुगल्याच नव्हत्या. सळई पुढे झाला आणि पुतण्याकडे पाठ करून उभा राहिला, उघडी पाठ.

तिने तळहात पुढे केला. डंपरची किल्ली मुलाच्या मुठीत होती, मूठ उघडत नव्हती. हात दुखायला लागला, पण किल्ली त्यावर पडेपर्यंत तिने तो खाली केला नाही.